खात न्हाई, लावते

पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील. मांडवगण फराट्याला आमची शेती आहे, ऊस आणि कांदा. आप्पा बांधावर बसून ठिबकच्या नळ्या साफ करत होते.

"म्हंजी डॉक्टर हुणार?"

"नाही."

"नर्स तर हायेसच की."

"ते झालंच. हे वेगळं, आप्पा. डॉक्टर एका माणसाला बघतो. यात अख्ख्या गावाला बघायचं. गावात काय आजार आहे, कुणाला होतोय, कुणाला होत नाही, आणि का."

आप्पांनी नळीच्या एका टोकाला तोंड लावून जोरात फुंकर मारली, अडकलेला गाळ बाहेर काढला आणि म्हणाले, "म्हंजी सरपंच."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं नर्स म्हणून काढली होती. सलाइन लावायचं, माणूस उभा करून घरी पाठवायचा आणि महिन्याभरानं तोच माणूस तेच दुखणं घेऊन त्याच खाटेवर. माझा स्वभाव आधीच खवचट, त्यात तोंड गप्प बसत नाही. मी डॉक्टरांना विचारायची, "सर, ही माणसं परत परत का येतात?" डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, पुढचा पेशंट घ्या." हे पाचपन्नास वेळा झाल्यावर मी फॉर्म भरला, पुण्यात प्रवेश मिळाला आणि दवाखान्यानं दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली. एक दिवसही वर चालणार नाही, असं लेखी बजावून.

आणि मग काय मजा आली म्हणून सांगू! वर्गात दातांचे डॉक्टर होते, आयुर्वेदाचे होते, एक फिजिओथेरपिस्ट होती. सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. 'एपिडेमिऑलॉजी' हा शब्द एका दमात म्हणता यावा म्हणून मी एसटीत पुटपुटत बसायची. शेजारच्या एका बाईंनी एकदा हात जोडून विचारलं, "कुठल्या देवीचं हाय?" पण पहिल्याच महिन्यात सरांनी फळ्यावर एका गावाचा नकाशा काढला, जुलाब झालेल्या घरांवर लाल ठिपके दिले आणि विचारलं, "आता कुठं जाल?" सगळे म्हणाले, दवाखान्यात. सर म्हणाले, "ठिपके कुठल्या गल्लीत आहेत ते बघा. त्या गल्लीचं पाणी कुठल्या व्हॉल्व्हवरून येतं ते बघा. आधी तिथं जा." मला वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्यात. सहा वर्षं मी जो 'का' विचारत होते, त्याचं उत्तर शोधायची चक्क एक विद्या होती आणि ती मला शिकवत होते.

त्या शनिवारी घरी येताना जन्मभर पाहिलेला रस्ता मला नवा दिसला. शिक्रापूरच्या चौकात कंपनीच्या बसमधून उतरणारी, झोपेनं डोळे चुरचुरणारी पोरं, उसाच्या ट्रॉलीला मागं न लावलेला दिवा, उघड्या गटारावर टाकलेली फळी आणि त्या फळीवर वडापावची गाडी. हे सगळं माझ्या अभ्यासक्रमात आहे, असं मनात येऊन मी इतकी हरखले की कंडक्टरनं तीनदा "कुठं जायचं?" विचारलेलं ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. तिशीपुढच्या बायकांचा रक्तदाब आणि त्यामागची कारणं, असा विषय घेतला. गावं दोन निवडली, शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे आणि दौंड तालुक्यातलं भांडगाव. दोन्हीकडे मिळून दोनशेच्या वर घरं, आणि प्रत्येक घरात अडतीस प्रश्नांचा फॉर्म. मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. त्यांच्या टेबलावर कागद वाकडा ठेवला तरी त्या बोलता बोलता सरळ करायच्या.

फॉर्म इंग्रजीतून मराठीत केलेला होता आणि तो आधी चारदोन घरांत वापरून बघायचा होता. माझ्याबरोबर वर्गातली पुण्याची एक मैत्रीण आली होती. 'आपणास मधुमेह आहे का' हा प्रश्न फार पुस्तकी वाटतो म्हणून तिनं तो सोपा करून घेतला होता. तळेगावात एका आजींना तिनं गोड आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला साखर आहे का?"

"हाय की," आजी म्हणाल्या. "कारखान्याची हाय, सभासदाची. दोन कट्टे पडल्यात आत. तुला किती पायजे?"

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की इथं साखर म्हणजे साखर. आजाराला शुगर म्हणतात. हा किस्सा मी मॅडमना सांगितला, मॅडमनी भर वर्गात सांगितला आणि वर म्हणाल्या, "फील्डची भाषा हिला विचारत चला." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एपिडेमिऑलॉजी म्हणताना अडखळणारी मी, एका दिवसात भाषेची तज्ज्ञ झाले.

मग मी अख्खा फॉर्म पुढ्यात घेतला आणि लाल पेन काढलं. 'आहारातील मिठाचे प्रमाण'वर काट मारली. 'शारीरिक श्रमाची तीव्रता'वरही मारली. एकोणिसावा प्रश्न तर बघण्यासारखा होता. 'आपण सध्या कोणत्याही स्वरूपात धूरविरहित तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता काय?' आणि पुढं कंसात पदार्थांची लांबलचक यादी. यादीतला पहिलाच शब्द होता खैनी. खैनी! आमच्या बायकांना खैनी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का, म्हणून माझं डोकं जे फिरलं, ते पुढचं वाचलंच नाही. सगळं खोडून मी लिहिलं, 'तुम्ही तंबाखू खाता का?' चार शब्द. इतकं सोपं मराठी त्या विभागात आजवर कुणी लिहिलं नसेल, अशी माझी खात्री होती.

मॅडमनी विचारलं, "यादी काढून टाकलीस?"

"मॅडम, यादीनं बायका गोंधळतात. तंबाखू म्हणजे तंबाखू."

साखरेच्या पुण्याईवर ते खपून गेलं.

प्रत्यक्ष फॉर्म भरायचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे गेले. खांद्याला रक्तदाबाचं मशीन, पिशवीत फॉर्मचा गठ्ठा. तळेगावात तिथल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, बरोबर असायच्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, चालायला अशा की मी मागून पळायचे. दर पाचवं घर घ्यायचं, असा नियम होता, पण सहाव्या घरची बाई रस्त्यावर येऊन भांडायची, "माझं का न्हाई मोजत? म्या काय केलंय?" भांडगावात एका घरी सासूसुना दोघींचा रक्तदाब मोजला, तर दोघी आकड्यांची तुलना करायला लागल्या. सासूचा जास्त निघाला. सून समजुतीनं म्हणाली, "असू द्या आत्या, तुमचं वयबी जास्त हाय." एक बाई दंडाचा पट्टा सैल वाटला म्हणून म्हणाली, "जरा चांगला आवळ बाय, परत परत कुठं कोण येतंय मोजायला?" मीठ किती घालता, तर सगळ्या मेल्या एकच उत्तर देत. चवीपुरतं.

आणि एकोणिसावा प्रश्न. तो विचारला की बायका कानाला हात लावायच्या.

"तंबाखू? म्या? छ्या! गडीमाणसं खात्यात तंबाखू!"

आशाताई शेजारी बसून मान डोलवायच्या. मी 'नाही'च्या चौकोनात खूण करायची. तळेगावात नाही, भांडगावात नाही. एखाददुसरी सोडली तर कुणीच नाही. मला अभिमान वाटायला लागला. आमच्या बायका किती शहाण्या, आणि माझा प्रश्न किती स्वच्छ!

प्रबंध जमा करायला बावीस दिवस उरले होते, तेव्हा मी मांडवगणला घरी येऊन पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. सकाळची वेळ. तंबाखूचं प्रकरण लिहायला घेतलं होतं. इतर ठिकाणचे अभ्यास वाचले, तर सगळीकडे बायकांमध्ये तंबाखू होती. आमच्याकडेच नव्हती! म्हणजे मी काहीतरी नवं शोधलं होतं. मी जोरात वाक्य ठोकलं, 'या भागातील महिला तंबाखूच्या व्यसनापासून जवळजवळ पूर्णतः मुक्त' आणि तेवढ्यात ठसका लागला. मागच्या दारानं धूर येत होता. काळा, तिखट, घशात बसणारा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"आई!" मी ओरडले. "काय जाळतीयस सकाळी सकाळी? तो तंबाखूचा धूर बंद कर, मला इथं तंबाखूवर लिहायचंय!"

आतून आईचा आवाज आला, "तंबाखू कुठाय? मिश्री भाजतीया."

माझं बोट 'मुक्त'वरच राहिलं.

मी उठून मागं गेले. आई चुलीपुढं बसली होती, पदर नाकावर घेतलेला. लोखंडी तव्यावर पानं काळी पडत होती आणि ती उलथन्यानं त्यांना खालवर करत होती. हे दृश्य मी लहानपणापासून महिन्यातून एकदा तरी पाहत आले होते. भाजून झालं की ती बारीक कुटायची, पत्र्याच्या डबीत भरायची आणि सकाळी, दुपारी जेवल्यावर, परत संध्याकाळी बोटानं दातांवर घासत बसायची.

"आई, हे काय आहे?"

"मिश्री."

"भाजायच्या आधी काय होतं?"

"पानं."

"कशाची पानं?"

शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "तंबाखूची. दुसऱ्या कशाची असत्यात?"

"म्हणजे तू तंबाखू खातेस."

आईनं उलथनं खाली ठेवलं. तिला खरोखर राग आला होता. "मी? तंबाखू? आगं, गावात इचार कुणालाबी. म्या कवा तंबाखू खाल्ली? खात न्हाई मी. लावते."

मी तिथंच पाटावर बसले आणि हसायला लागले. धुरानं आणि हसण्यानं मला बोलताच येईना. आई घाबरून पाणी घेऊन आली. खात न्हाई, लावते! बरोबरच होतं तिचं. तंबाखू खातो तो व्यसनी. ती चुना मळून गालात धरायची असते आणि गडीमाणसं धरतात. मिश्री दाताला लावायची असते. कुंकू लावतात, काजळ लावतात, तशी मिश्री लावतात. बाईला तंबाखू खाता का म्हणून विचारणं म्हणजे घरी येऊन तिचा अपमान करणं. अपमानाला द्यायचं तेच उत्तर त्या सगळ्यांनी दिलं होतं. दोनशे बायका माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. मीच त्यांना चुकीचं क्रियापद दिलं होतं.

लॅपटॉपवर जुना, खोडायच्या आधीचा फॉर्म उघडला. एकोणिसावा प्रश्न, कंसातली ती लांबलचक यादी. खैनी, गुटखा, मावा, मिश्री, तपकीर. चौथा शब्द. पुण्यात बसून कुणीतरी तो लिहिला होता आणि मांडवगणच्या पोरीनं खोडला होता. तज्ज्ञ म्हणे! मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, आईच्या वाक्यासकट. मग त्या म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. प्रश्न प्रबंधातून काढून टाक आणि मर्यादांमध्ये दोन ओळी लिही. कुणी काही म्हणणार नाही. किंवा परत जा. पण बदललेल्या प्रश्नाला नैतिकता समितीची परवानगी लागेल, ती मी आणते. तारीख मात्र पुढं जाणार नाही. चुकली तर सहा महिने गेले."

सहा महिने म्हणजे माझी रजा संपणार, नोकरी जाणार आणि डिग्रीही लटकणार. हे मला नीट कळत होतं. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की फोन ठेवून मी अंगणात दोन गिरक्या मारल्या. नर्स असताना 'का'चं उत्तर कधी मिळालं नाही. इथं ते आमच्या तव्यावर भाजत होतं. ते दोन ओळींत पुरून टाकायचं?

"मी परत जाते," मी म्हणाले.

परवानगीला चार दिवस गेले. नवा एकोणिसावा प्रश्न मी प्रत्येक पदार्थाला त्याचं त्याचं क्रियापद देऊन लिहिला. मिश्री लावता का? तपकीर ओढता का? तंबाखू, गुटखा, मावा खाता का? आणि खाली, कधीपासून, आणि सुरुवात कशानं झाली. बाकीची उत्तरं हातात होतीच, घरोघर एवढंच परत विचारायचं होतं.

पहिल्या दिवशी तळेगाव. पहिलंच घर. "मावशी, तुम्ही मिश्री लावता का?"

"व्हय. लावते की."

"अहो मग मागच्या वेळी..."

"मागल्या येळी तू तंबाखू इचारलीस."

मी आशाताईंकडे वळले. त्या माझ्याबरोबर तळेगावातल्या सगळ्या घरांत शेजारी बसल्या होत्या. आता पहिल्यांदाच मी त्यांचे दात नीट पाहिले. काळेभोर.

"आशाताई, तुम्हीसुद्धा?"

"आता वो मॅडम," त्या लाजून पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "त्याबिगर सकाळचं परसाकडंच व्हत न्हाई बघा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही खाता का म्हणून इचारत व्हता. मला वाटलं, शिकल्याली मानसं हायेत, त्यास्नी काय तरी येगळं पायजे आसंल."

त्या दिवसापासून बायकांनी मला सोडलंच नाही. प्रश्न विचारायचा अवकाश, डब्या बाहेर यायच्या. कुणाची पत्र्याची, कुणाची औषधाच्या गोळ्यांची, एकीची तर मोबाइलच्या जुन्या कव्हरात गुंडाळलेली पुडी. कुणी भाजताना कोळसा किती ठेवावा ते सांगे, कुणी आठवडी बाजारात कुणाकडची पानं चांगली ते. किती जणी लावतात ते इथं सांगत नाही, प्रबंधात आहे. पण रोज संध्याकाळी मी फॉर्म दोनदोनदा मोजायची, इतकं भरभरून ते येत होतं.

भांडगावला बरोबर आई आली. तिथल्या आशाताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि बायका शेतावर जायच्या आत त्यांना गाठायचं म्हणजे पहाटे निघावं लागे. आप्पा म्हणाले, "एकटी नको." आई म्हणाली, "मी येते." मग रोज स्कूटीवर आम्ही दोघी, भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात. आई मागं एका बाजूला पाय सोडून बसायची आणि माझ्या कानात सूचना द्यायची, "हळू हाण, पुढं ट्रॉली हाय."

मी आत फॉर्म भरत असताना ती बाहेर पायरीवर बसायची. दोन दिवसांत तिच्या भोवती घोळका जमायला लागला. मॅडमना सांगितलं, तर त्या दचकल्या. "अगं, आई प्रश्न विचारत नाही ना? उत्तरांवर परिणाम होईल."

"नाही मॅडम," मी म्हणाले, "ती नुसती लावते."

एक गोष्ट मात्र हसत हसत लिहिता येईना. 'सुरुवात कशानं झाली' या रकान्यात तेच तेच यायला लागलं. दाढ दुखायची. सासूनं दिली. दिवस गेले होते, तोंडाला पाणी सुटायचं, कुणीतरी म्हणालं, लाव चिमूटभर. दवाखाना लांब होता, सासू जवळ होती. वर्गात मी शिकले होते की गरोदरपणात तंबाखू असली तर बाळाचं वजन कमी भरतं. कागदावर वाचताना ते एक वाक्य होतं. इथं त्याच्या मागं घरं उभी होती.

प्रबंध तारखेच्या आत जमा झाला, पासही झाले, हे आधीच सांगून टाकते. कारण मला सांगायचं आहे ते शेवटच्या फॉर्मच्या दिवसाचं.

भांडगावचं शेवटचं घर संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हायवेच्या कडेच्या एका टपरीवर आम्ही चहाला बसलो. समोरून सोलापूरकडे ट्रक जात होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. सगळी घरं झाली होती, हातात पाच दिवस उरले होते. आई बशीत चहा ओतून फुंकर मारत होती. ती एकदम म्हणाली, "साऱ्या जगाला इचारलंस. मला कुठं इचारलं?"

"तू कशी येशील त्यात? आपलं गाव नाहीये या अभ्यासात."

"नसू दे. इचार."

मी हसत पिशवीतून एक जादा फॉर्म काढला. हा गठ्ठ्यात जाणार नव्हता, पण तिचा हट्ट. मीही मग मुद्दाम मोठ्या मॅडमसारखी ताठ बसले. वय, शिक्षण, मीठ. चवीपुरतं. मिश्री लावता का? लावते.

"कधीपासून?"

आईनं बशी खाली ठेवली. "तुझ्या येळंला."

मी पेन धरून बसले.

"तू पोटात व्हतीस. कांद्याची काढणी चालल्याली. दाढ अशी ठणकायची की आभाळ फिरायचं. शिरूरला कोण नेतंय तवा? तुझ्या आजीनं डबी दिली. म्हणली, लाव, दाढबी ऱ्हाईल आन् मळमळबी." ती थोडी हसली. "तवा धरली ती धरली. तू झालीस तर एवढीशी. दोन मुठीत मावायचीस. सारी म्हणायची, मांजराचं पिल्लू."

मांजराचं पिल्लू. हे मी हजार वेळा लाडानं ऐकलं होतं. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडमनी आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलंय आणि ते खरंच आहे. तरीसुद्धा माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं हलायला लागली. मी 'सुरुवात' या रकान्यात माझ्या जन्माच्या आधीचं वर्ष लिहिलं आणि पुढचे प्रश्न भराभर विचारून टाकले. अडतीस झाले.

"संपलं?" आईनं विचारलं.

"संपलं."

"आन् सोडायची कशी, ते?"

"ते यात नाही, आई. हा फक्त माहिती घ्यायचा फॉर्म आहे."

"दोनशे घरं हिंडलीस," आई शांतपणे म्हणाली, "समद्या बायकांनी तुला खरं ते सांगितलं. आन् एकीलाबी इचारलं न्हाईस, बाई, तुला सोडायचीया का?"

मला राग आला, आधी तिचा आणि मग लगेच स्वतःचा. मी फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूवर एकोणचाळीस आकडा घातला आणि लिहिलं, 'तुम्हाला मिश्री सोडायची आहे का?' वर बघितलं. आई वाट बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "लिव्ह. आन् त्याच्या खाली लिव्ह, एकटीला जमत न्हाई."